‘बायरॅड्स ३’ म्हणजे काय? स्तनातल्या गाठीचं निदान कसं होतं

ऑक्टोबर आला की दवाखान्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीच्या गुलाबी फिती लागतात, तपासणी शिबिरं भरतात. मग महिनाभर त्या शिबिरांतून निघालेले कागद घरोघरी फिरत राहतात. कागदावर असतं: ‘उजव्या स्तनात १.८ सेंमीची गाठ, बायरॅड्स ३, क्लिनिकल तपासणीशी ताडून पाहावे.’ घरात कुणालाच त्यातलं काही उमगत नाही. नणंद म्हणते, माझीबी होती, आपोआप जिरली. शेजारीण म्हणते, काही झालं तरी सुई लावू देऊ नको. मेडिकलवाला पाच दिवसांच्या गोळ्या बांधून देतो, आणि भाऊजी रात्री मोबाइल चाळत थेट कॅन्सरपर्यंत जाऊन पोचतात.

स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. हे वाक्य खरं आहे, पण त्याचा उपयोग फक्त घाबरणं कमी करण्यापुरता. आपली गाठ त्या ‘बहुतेकां’मधली आहे की नाही हे नणंदेला सांगता येत नाही, निष्णात सर्जनच्या नुसत्या हातालाही खात्रीनं सांगता येत नाही आणि एकट्या सोनोग्राफीलाही नाही. त्यासाठी तीन वेगवेगळ्या तपासण्या करतात आणि त्यांची उत्तरं जुळतात का ते बघतात. बाकीचा लेख या जुळण्याबद्दलच आहे.

स्तनात मुळात असतं काय

दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे १५ ते २० घोस, त्यांतून स्तनाग्राकडे, म्हणजे बोंडाकडे येणाऱ्या नळ्या, मधे भरलेली चरबी आणि हे सगळं धरून ठेवणारे चिवट धागे. हा सगळा पसारा काखेपर्यंत जातो. म्हणून काखेजवळची गाठही स्तनाची असू शकते. वरच्या बाहेरच्या भागात, काखेच्या बाजूला, ग्रंथी सर्वांत जास्त असतात. साहजिकच गाठीही तिथंच जास्त सापडतात, साध्या आणि कॅन्सरच्या दोन्ही.

या ग्रंथी संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या तालावर चालतात. पाळीच्या आधी छाती भरून येते, ठसठसते, हाताला खडबडीत लागते आणि पाळी सुरू झाली की हलकी होते. हे दर महिन्याला होणारच. काहींना हा खडबडीतपणा ठळक जाणवतो, बारीक पाण्याच्या पिशव्याही होतात. त्याला फायब्रोसिस्टिक बदल म्हणतात. तो आजार नव्हे. म्हणूनच तरुण मुलीच्या हाताला अस्पष्ट काही लागत असेल, तर डॉक्टर तिला पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी पुन्हा बोलावतात. पण एकाच जागी, बाकीच्या भागापेक्षा वेगळी, बोटांत नेमकी धरता येणारी गाठ असेल, तर पाळीची सबब चालत नाही.

गाठी कशाकशाच्या असतात

इथं वयाला फार किंमत आहे. विशीतल्या आणि साठीतल्या बाईला हाताला एकसारखीच लागणारी गाठ असली, तरी डॉक्टरांच्या मनातली शंकांची यादी पूर्ण उलटी होते.

साधारण १५ ते ३५ या वयात सगळ्यात जास्त आढळते ती फायब्रोअडेनोमा. गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखालून सटकणारी, बहुधा न दुखणारी. ही ग्रंथी आणि धागे यांचीच जास्तीची वाढ असते. ती कॅन्सर नसते. निदान पक्कं झालं आणि गाठ लहान असली, तर ती काढायलाच हवी असं नाही. अनेकदा ती तशीच राहते किंवा वयानुसार आकसते. मोठी असेल, भरभर वाढत असेल किंवा मुलीला तिचा जाच होत असेल तर काढतात. भरभर वाढणाऱ्या गाठीबद्दल सावध असण्याचं आणखी एक कारण आहे. फायलॉइड्स नावाची, दिसायला तिच्यासारखीच पण स्वभावानं वेगळी गाठ असते. ती भोवतीचा थोडा निरोगी भाग घेऊन काढावी लागते, नाहीतर पुन्हा उगवते.

पस्तिशी ते पन्नाशी हा सिस्टचा, म्हणजे पाण्याच्या पिशवीचा काळ. काल नव्हती आणि आज आहे, अशी ती अचानक हाताला लागते, दुखतेही. सोनोग्राफीत ती निव्वळ पाण्याची दिसली की काळजी मिटली. फार ठणकत असेल तर सुईनं पाणी काढतात. पाणी रक्ताळलेलं निघालं किंवा पाणी काढूनही गाठ उरली, तर मात्र पुढची तपासणी लागते.

अंगावर पाजणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. दूध दाटून गाठ होते, जंतुसंसर्ग झाला की स्तन लाल, गरम होतो, थंडी-ताप येतो, वेळीच उपचार झाले नाहीत तर पू धरतो. त्यावर औषध आहे, सुईनं पू काढता येतो, आणि बहुतेक वेळा बाळाला पाजणं थांबवावं लागत नाही. पण औषधांचा पूर्ण कोर्स होऊनही लाली आणि कडकपणा गेला नाही, तर ‘बाळंतीण आहे, होतंच असं’ म्हणून बसू नये. सुजेच्या रूपात येणारा एक कॅन्सर अगदी असाच दिसतो. तो विरळा आहे, पण असा फसवतो.

आपल्याकडे आणखी दोन दुखणी लक्षात ठेवावी लागतात. एक, स्तनाचा टीबी. गाठ, काखेत अवधाण, आणि कधी न भरून येणारी, पाझरत राहणारी जखम. दुसरं, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाची सूज. ती बहुधा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत येते आणि ‘पू झालाय’ म्हणून बाईला पुन्हा पुन्हा चिरा देत राहतात. दोन्ही दुखणी कॅन्सरसारखी दिसू शकतात, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांपासून वेगळे आहेत. तुकडा तपासल्याशिवाय औषध सुरू करणं म्हणजे अंदाजपंचे.

मार लागल्यावर आतली चरबी मरून कडक गोळा होतो. तो इतका वेडावाकडा असतो की हाताला आणि मॅमोग्राफीतही कॅन्सरच वाटावा. उलटंही होतं. म्हशीची लाथ बसली, कपाटाचा कोपरा लागला, म्हणून बाई छाती चाचपते आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा तिला सापडते. मारानं कॅन्सर होत नाही, पण ‘मार लागल्याची गाठ’ म्हणून तो महिनोन्‌महिने लपतो.

आणि शेवटी कॅन्सर. त्याची गाठ बहुधा कडक, कडा अस्पष्ट, जागेवर रुतलेली आणि न दुखणारी. वरची कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंड नव्यानं आत जाणं, एकाच बोंडातून आपोआप रक्त येणं, बोंडावर खरजेसारखा न बरा होणारा चट्टा, काखेत टणक गाठ, या खुणा दिसल्या तर दिवस घालवू नयेत. पाळी गेल्यानंतर नव्यानं आलेली गाठ, वरून कितीही साधी दिसली तरी, तपासून उलट सिद्ध होईपर्यंत संशयितच धरतात.

पहिली तपासणी: विचारपूस आणि हात

आधी एक व्यवहाराची गोष्ट. स्तनाच्या गाठीसाठी जायचं सर्जनकडे. बायका सवयीनं स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात. त्यात वावगं काही नाही, पण पुढची सूत्रं बहुधा सर्जनच हलवतात.

गाठ कधी लागली, वाढली का, पाळीबरोबर कमी-जास्त होते का, बोंडातून काही येतं का, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, संप्रेरकांच्या गोळ्या चालू आहेत का, आई-मावशी-बहिणीला काही होतं का, हे सगळं डॉक्टर विचारतात. मग बसवून दोन्ही बाजू नुसत्या पाहतात. हात वर करायला, कमरेवर दाबून धरायला सांगतात. तेव्हा आत ओढलेली कातडी उघडी पडते. त्यानंतर झोपवून, बोटांच्या सपाट भागानं, आधी चांगली बाजू आणि मग गाठीची. काखा आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरची जागाही तपासतात. एवढं केल्याशिवाय ‘काही नाही’ म्हणून सांगितलं, तर ती तपासणी झालीच नाही असं समजावं. साडीवरून हात लावून दिलेल्या निर्वाळ्याला काही अर्थ नाही.

संकोच वाटतो, हे खरं आहे. आपल्या कोल्हापुरात डॉ. कृष्णाबाई केळवकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्ण तपासत होत्या, तेव्हा बायकांची हीच अडचण होती. आजही ती गेलेली नाही. तपासताना खोलीत दुसरी स्त्री, नर्स किंवा बरोबरची बाई, असलीच पाहिजे असं मोकळेपणानं सांगा. चांगले डॉक्टर ते स्वतःहूनच करतात.

नुसत्या हाताच्या तपासणीची ताकद किती? मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. यंत्र नसलेल्या ठिकाणी शिकलेला हात हे करू शकतो. पण हात गाठ शोधतो, ती कशाची आहे याचा निकाल देत नाही.

दुसरी: सोनोग्राफी की मॅमोग्राफी?

दोन्ही वेगळी कामं करतात. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात. गाठ पाण्याची की भरीव, हे ती चटकन सांगते. मॅमोग्राफी हा स्तनाचा खास एक्स-रे. स्तन दोन पट्ट्यांत दाबून काढतात, काही सेकंद दुखतं. कॅल्शियमचे अतिबारीक कण तिच्यात दिसतात, आणि कधी कधी तीच कॅन्सरची पहिली खूण असते.

तरुण वयात स्तनात ग्रंथी दाट असतात. त्या एक्स-रेवर पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, म्हणून गाठ हरवते. त्यामुळे तिशीच्या आत आधी सोनोग्राफी. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि जोडीला बहुधा सोनोग्राफी. मधल्या दहा वर्षांत डॉक्टर परिस्थिती बघून ठरवतात. एमआरआय ही पहिली पायरी नव्हे.

रेडिएशनची भीती बऱ्याच जणी बोलून दाखवतात. एका मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला तो रोज मिळतच असतो, त्याच्या सुमारे सात आठवड्यांइतका. गाठ असताना तपासणी टाळण्याएवढं हे मोठं कारण नाही.

तो आकडा

बायरॅड्स ही अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेनं १९९३ मध्ये आणलेली आकड्यांची भाषा. रिपोर्ट लिहिणाऱ्याला काय वाटतं, ते सगळीकडे एकाच अर्थानं कळावं म्हणून. हा कॅन्सरचा टप्पा नव्हे. ‘तीन नंबर आलाय म्हणजे तिसरी स्टेज’ असा समज करून रडारड झालेली मी ऐकली आहे.

० म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासणी हवी. १ म्हणजे काही दिसलं नाही, २ म्हणजे दिसलं ते साधं. ३ म्हणजे बहुधा साधं, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही. इथं सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. ४ म्हणजे संशयास्पद, तुकडा तपासा. हा ४ फार ऐसपैस आहे, २ टक्क्यांपासून ९५ पर्यंत, म्हणून त्याचे ए, बी, सी असे पोटभाग केलेत. ५ म्हणजे कॅन्सरची शक्यता ९५ टक्के किंवा जास्त. ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला.

३ आलेल्या बाईची खरी अडचण सहा महिन्यांनी सुरू होते. भात लावण असते, पोरीचं लग्न असतं, दुखत तर काहीच नसतं. तारीख निघून जाते. ‘सहा महिन्यांनी या’ हा उपचाराचाच भाग आहे, निरोपाचं बोलणं नाही.

तिसरी: सुई

सुईच्या दोन तऱ्हा. एफएनएसी म्हणजे बारीक सुईनं पेशी ओढून घेणं. स्वस्त, झटपट, आपल्याकडे अजून खूप वापरात. पण सुट्या पेशींवरून सगळं कळत नाही. कॅन्सर नळीच्या आतच आहे की बाहेर शिरलाय, हे त्यावरून ठरवता येत नाही. कोअर बायोप्सीत जागा बधिर करून पोकळ सुईनं बारीक दोऱ्याएवढे तुकडे काढतात, बहुधा सोनोग्राफीत बघत बघत. त्यात पेशींची मांडणी दिसते, आणि कॅन्सर निघालाच तर पुढच्या औषधांसाठी लागणाऱ्या चाचण्याही त्याच तुकड्यावर होतात. संशय असेल तर कोअर बायोप्सीच मागावी, असं माझं मत आहे.

‘गाठ काढून टाकू, मग बघू’ हा उलटा क्रम. आधी निदान असेल तर ऑपरेशन एकदाच आणि नीट आखून होतं. आणि कोणत्याही कारणानं गाठ काढली, तर ती पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवून फेकून दिलेल्या गाठीचा रिपोर्ट पुन्हा मिळत नाही.

तिन्हींचं जुळलं नाही तर?

इथं खरी मेख आहे. गुऱ्हाळावर गुळव्या नुसत्या रंगावरून काहील उतरवत नाही. फेस कसा फुटतोय ते बघतो, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी वळते का ते पाहतो. सगळ्या खुणा एकच सांगायला लागल्या की मगच काहील खाली. स्तनाच्या गाठीतही हात, चित्र आणि सुई तिन्ही ‘साधी आहे’ म्हणाली, तर ते उत्तर ९९ टक्क्यांहून जास्त वेळा खरं निघतं. तिन्ही ‘कॅन्सर’ म्हणाली, तरीही तसंच.

एकानं जरी वेगळा सूर लावला, तर बहुमत चालत नाही. संशय घेणाऱ्याचं ऐकायचं आणि पुन्हा तुकडा घ्यायचा. मॅमोग्राफी साधारण आठांतला एक कॅन्सर चुकवते, सुई कधी गाठीच्या शेजारीच जाते. म्हणून हाताला कडक गाठ लागतेय आणि रिपोर्ट नॉर्मल, तर प्रकरण मिटलेलं नाही. ‘क्लिनिकल तपासणीशी ताडून पाहावे’ ही ओळ रेडिओलॉजिस्ट त्यासाठीच लिहितात. तो कागद घेऊन परत सर्जनकडे जायचं असतं. बऱ्याच घरांत तो फाइलला लागतो आणि तिथंच राहतो.

‘हत्यार लागलं की भडकतं’

ही समजूत इतकी घट्ट आहे की शिकलेली माणसंही कुजबुजत विचारतात. सुईच्या तपासणीमुळे कॅन्सर पसरून रुग्णाचं आयुष्य कमी होतं, असा पुरावा नाही. मग समजूत आली कुठून? लोकांनी जे पाहिलं, त्यातूनच. वर्षभर लेप लावून, शेकून, अंगारा लावून गाठ कातडीपर्यंत आली, मग दवाखाना, मग सुई, आणि चार-सहा महिन्यांत बाई गेली. पाहणाऱ्याला शेवटची सुई दिसली, आधीचं वर्ष दिसलं नाही.

त्या वर्षाची किंमत आकड्यांतही दिसते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. जगात त्याच वर्षी २३ लाख नवे रुग्ण आणि ६ लाख ७० हजार मृत्यू. आपल्याकडचं प्रमाण निम्म्यावर जातं, आणि उशिरा येणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

‘रक्त तपासून कळत नाही का?’ आणि इतर शंका

नाही. सीए १५-३ ही रक्तचाचणी निदानासाठी नसते. लवकरच्या कॅन्सरमध्ये ती अनेकदा नॉर्मलच येते. शिबिरांत कधी कधी दिसणारी, नुसती उष्णता मोजणारी यंत्रंही मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाहीत.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही.’ स्तनाच्या कॅन्सरपैकी फक्त ५ ते १० टक्के आनुवंशिक असतात. बाकीच्यांच्या घराण्यातही बहुधा कुणाला नव्हताच.

‘दुखतंय, म्हणजे वाईटच असणार.’ नुसतं दुखणं, गाठ नसताना, क्वचितच कॅन्सरचं असतं. दुखत नाही म्हणून निवांत राहणं त्याहून धोक्याचं.

‘दर महिन्याला स्वतः तपासायचं का?’ शांघायमध्ये २ लाख ६६ हजार गिरणी कामगार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, स्वतःची तपासणी शिकवलेल्या गटातही मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. म्हणून आता भर तारखा पाळण्यावर नाही. आंघोळीच्या वेळी आपली छाती नेहमी कशी असते याची ओळख ठेवावी, आणि वेगळं काही लागलं तर दाखवावं.

पुरुषांनाही गाठ होते. बोंडामागे दोन्ही बाजूंना चकतीसारखी सूज बहुधा साधी असते. वयात येताना, म्हातारपणी, काही औषधांनी, दारूनं यकृत बिघडल्यावर किंवा जिममध्ये घेतलेल्या स्टेरॉइडमुळे ती येते. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १ टक्का पुरुषांत होतो. एका बाजूची कडक गाठ असेल तर तालमीतल्या गड्यानंही ती दाखवावी.

कोल्हापुरात कुठून सुरुवात करायची

गावात असाल तर आशाताई आणि उपकेंद्रापासून. तिशीपुढच्या स्त्रियांच्या तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. गाठ लागलेलीच असेल तर मात्र शिबिराची वाट पाहू नये. सीपीआरची, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्याची सर्जरी ओपीडी किंवा जवळचा सर्जन गाठावा. घाई किती? रात्री इमर्जन्सीत धावण्याइतकी नाही, पण दोन आठवड्यांत डॉक्टरांचा हात लागलेला असावा. गडहिंग्लज, गगनबावड्याहून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ओपीडीचा वार विचारून घ्यावा. उपचाराचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. रेशन कार्ड आणि आधार बरोबर असू द्या.

जाताना जुने रिपोर्ट तर न्याच, पण फिल्मही न्या. जुनं चित्र शेजारी ठेवलं की गाठ वाढली की तशीच आहे, हे लगेच दिसतं. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक कुठं ठेवलाय ते लॅबला विचारून कागदावर लिहून ठेवा. पुढं मुंबईला टाटात दुसरं मत घ्यायचं ठरलं, तर आधी तोच मागतात.